गटाने देश ओलांडताना: सायकलवरचा एक दिवस कसा चालवायचा

दहा जणांचा गट आहे आणि आज शंभर किलोमीटर जायचं आहे. ताशी १८ किलोमीटरने गेलात तर प्रत्यक्ष पेडल मारण्यात साडेपाच तास जातील. जोर लावून २० ने गेलात तर पाच. म्हणजे दिवसभर सगळ्यांनी धापा टाकत सायकल हाणली आणि वाचला तो अर्धा तास. आता दुसरा हिशेब करा. एकाला जॅकेट काढायचंय, एकीची बाटली पडली, कुणाला फोटो हवाय, कुणाची पिशवी सैल झाली. प्रत्येकासाठी दिवसातून फक्त दोनदा, पाच-पाच मिनिटं गट थांबला तरी शंभर मिनिटं गेली.

लांबच्या सफरीत दिवस हातातून जातो तो थांब्यांवर, आणि माणसं एकमेकांवर चिडतात तीही तिथेच. चढ, वारा, ऊन यांनी गट फुटल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. "अजून कोण राहिलंय?" या प्रश्नाने मात्र गट फुटताना पाहिले आहेत. म्हणून खाली दिवसाचा जो क्रम दिला आहे, त्यात वेगापेक्षा थांबण्याबद्दल जास्त लिहिलं आहे. असे तीस-चाळीस दिवस नीट पार पडले की देश ओलांडून होतो.

आदल्या संध्याकाळी: पंधरा मिनिटांची बैठक

उद्याचा दिवस आज जेवणाआधी सुरू होतो. जेवणानंतर बैठक ठेवली तर निम्मे लोक पेंगत असतात. बैठकीत चारच गोष्टी सांगायच्या: एकूण अंतर, एकूण चढ, वाऱ्याची दिशा आणि पाणी भरण्याच्या जागा. पहिले तीन थांबे कुठे, हे प्रत्येकाने कागदावर लिहून घ्यावं. फोनमधला नकाशा उत्तमच, पण पावसात स्क्रीन बोट ओळखत नाही आणि बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते.

चढाचा आकडा नुसता ऐकून सोडू नका, त्याचं वेळेत रूपांतर करा. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वजन धरलं आणि पेडलवर सलग १५० वॅट ताकद लावली, तर १,००० मीटर उंची गाठण्याचं काम एकटंच पावणेदोन तासांचं आहे. उतारावर त्यातला थोडा वेळ परत मिळतो, सगळा नाही. नकाशावर दोन दिवस सारखेच शंभर किलोमीटरचे दिसतात आणि एक दुपारी तीनला संपतो, दुसरा अंधारात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मग दोन नावं ठरवा: उद्या पुढे कोण आणि शेवटी कोण. पुढचा रस्ता सांभाळतो, शेवटचा माणसं सांभाळतो. बहुतेक गट सगळ्यात दमदार माणसाला पुढे ठेवतात. माझ्या मते ही चूक आहे. दमदार माणूस शेवटी हवा. त्याच्याकडे हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी असते, कुणी थांबलं तर त्याला थांबावं लागतं आणि नंतर अंतर भरूनही काढावं लागतं. पुढे असा माणूस ठेवा ज्याचा वेग दिवसभर हलत नाही आणि जो दर दोन मिनिटांनी मागे वळून बघतो. ही दोन्ही कामं रोज बदलती ठेवा. शेवटी राहून एक दिवस काढलेला माणूस पुढे असताना आपोआप सावकाश चालवतो.

आणखी एक: रक्तगट, कसली ॲलर्जी, कुठलं औषध चालू आहे आणि घरचा फोन नंबर एवढं लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाने प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावी, आणि सगळ्यांनी ती सायकलच्या एकाच ठरलेल्या पिशवीत ठेवावी. वेळ आली तर दुसऱ्याला शोधाशोध करावी लागू नये.

पहाटे: हवा, ब्रेक, चेन

निघण्याआधी दीड-दोन तास उठा. शरीराला जागं व्हायला, पोट साफ व्हायला आणि पिष्टमय नाश्ता थोडा जिरायला तेवढा वेळ लागतोच. घाईत उठलेल्या गटाला पहिल्या तासात तीनदा थांबावं लागतं.

सायकलची तपासणी तीन शब्दांत लक्षात ठेवा. हवा: टायर अंगठ्याने दाबून बघा, दोन-तीन दिवसांतून एकदा पंपाच्या काट्यावर मोजा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा बहुधा जास्तीत जास्त मर्यादा असते, तेवढी हवा भरायलाच हवी असं नाही. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून पुढच्यात थोडी कमी चालते. ब्रेक: दोन्ही लिव्हर घट्ट दाबून सायकल पुढे ढकला, चाक हलता कामा नये. पॅड किती उरलेत तेही बघा. चेन: पेडल उलटं फिरवा, अडखळते का, कोरडा आवाज येतो का ते ऐका. शेवटी सायकल दोन बोटं उचलून जमिनीवर सोडा. काही खडखडलं तर तो स्क्रू आत्ताच शोधा. सामानाच्या कॅरियरचे स्क्रू रोज थोडे सैल होतात, हा माझा पक्का अनुभव आहे.

कपड्यांबद्दल संकोच सोडून लिहितो, कारण यावरून सफरी अर्धवट सुटतात. पॅडच्या चड्डीखाली, म्हणजे आतून गादी शिवलेल्या सायकलिंगच्या चड्डीखाली, अंतर्वस्त्र घालायचं नाही. त्याची शिवण दिवसभर घासते आणि तिसऱ्या दिवशी फोड येतात. जिथे घर्षण होतं तिथे व्हॅसलिन किंवा त्यासाठीचं क्रीम लावा. चड्डी रोज धुतलेली आणि पूर्ण वाळलेली हवी. त्यामुळे किमान दोन लागतात, तीन असल्या तर पावसाळी दिवसाची काळजी मिटते.

पहिला तास आणि पहिला थांबा

पहिला तास इतका सावकाश असावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. पाय आखडलेले असतात, सामानाचा तोल अजून अंगवळणी पडायचा असतो. निघताना थोडी थंडी वाजली तरी चालेल. उबदार वाटेल इतके कपडे घातलेत तर दहाव्या मिनिटाला काढावे लागतात.

आता या लेखातली सगळ्यात उपयोगाची युक्ती. निघाल्यावर बरोबर अर्ध्या तासाने पाच मिनिटांचा थांबा आधीच ठरवून ठेवा. कुणाला गरज असो वा नसो, थांबायचंच. या पाच मिनिटांत जॅकेट उतरतात, पट्टे आवळले जातात, सीट इकडे-तिकडे होते, ज्यांना आडोशाला जायचं ते जाऊन येतात. सकाळच्या बारीकसारीक तक्रारी याच अर्ध्या तासात वर येतात, आणि एकदाच थांबून सगळ्या निपटल्या की पुढचे दीड-दोन तास गट अखंड चालतो. हा थांबा नको म्हणणारे एक-दोघे प्रत्येक गटात असतात. त्यांना दोन दिवस घड्याळ लावून दाखवा.

रांगेत चालवताना

दहा जण एका लांबलचक रांगेत चालवू नका. मागून येणाऱ्या गाडीला एवढी रांग एका दमात ओलांडता येत नाही, मग चालक मध्येच आत घुसतो. चार-पाच जणांचे तुकडे करा आणि दोन तुकड्यांमध्ये एक गाडी सुरक्षित आत येऊ शकेल एवढी मोकळी जागा ठेवा. १९७६ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचा ट्रान्सअमेरिका मार्ग सायकलींसाठी आखला गेला आणि त्या उन्हाळ्यात चार हजारांवर लोक त्यावर उतरले. त्यातल्या गटांनी जाणाऱ्यांनाही छोट्या छोट्या तुकड्यांतच पाठवलं होतं.

समोरच्याच्या आडोशाने चालवलं की वारा कमी लागतो आणि मेहनत बरीच वाचते. वेग जितका जास्त आणि अंतर जितकं कमी, तितकी बचत मोठी. पण रोज आठ-आठ तास चालवणाऱ्या, सामान लादलेल्या सायकलींनी शर्यतीतल्यासारखं चाकाला चाक लावू नये. एक सायकलभर अंतर ठेवा, उतारावर आणि ओल्या रस्त्यावर त्याच्या कितीतरी पट. दोन नियम मात्र मोडायचे नाहीत. आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू द्यायचं नाही. ती दोन चाकं घासली तर पडतो तो मागचा. आणि पुढे असलेल्याने न सांगता ब्रेक मारायचा नाही.

खड्डा, काच, गाडी, थांबतोय: हे चार शब्द मोठ्याने ओरडायचे आणि प्रत्येकाने मागे पोचवायचे. हाताची खूण करणं छान, पण खड्ड्याजवळ दोन्ही हात हँडलवर असलेले बरे. नजर समोरच्या चाकावर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून पलीकडचा रस्ता बघत राहा.

वळणांवर गट हरवतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक वळणावर, मागचा माणूस आपल्याला दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं. मागच्याने हात वर केला की निघायचं. प्रत्येक जण फक्त आपल्या मागच्या एकाची जबाबदारी घेतो आणि सगळी साखळी जोडलेली राहते.

वेगाचं म्हणाल तर हवेचा हिशेब ध्यानात ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. २० वरून २५ वर गेलात की नुसत्या हवेशी झुंजायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. १८९७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटमधले वीस कृष्णवर्णीय सैनिक मॉन्टानातल्या मिसूलाहून सेंट लुईसला सायकलींवर गेले. १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून थोडं जास्त. एकूण ४१ दिवस लागले, त्यातले प्रत्यक्ष प्रवासाचे ३४. चिखल, वाळू, अवजड सायकली, पाठीशी ना गिअर ना चांगला रस्ता. ताशी वेग जेमतेम दहा किलोमीटर, आणि तरी प्रवासाच्या दर दिवशी सरासरी नव्वद किलोमीटर. आज आपल्याकडे त्यांच्यापेक्षा सगळंच चांगलं आहे. ताशी दहाने ते रोज नव्वद गेले ते दिवसाचे तास नीट वापरून.

खाणं आणि पाणी: भुकेवर नको, घड्याळावर

शरीर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकं साठवून ठेवतं. जोराने चालवलं तर दोन-अडीच तासांत ती संपत येतात. सावकाश चालवलं तर जास्त टिकतात, कारण मग चरबीही जळते, पण दिवसभर पुरत नाहीत. म्हणून पहिल्या तासापासून खायला सुरुवात करा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे माप धरा. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, त्यावरून बाकीचा अंदाज बांधता येईल. दर अर्ध्या तासाला पुढच्याने "खा!" असं ओरडायचं. हे बालिश वाटलं तरी करा.

साठा संपला की माणूस आधी गप्प होतो. एकदा माझ्यासोबतचा मित्र दुपारी अचानक बोलेनासा झाला. मला वाटलं सकाळच्या वादाचा राग धरलाय, म्हणून मीही गप्प राहिलो. वीस मिनिटांनी तो सपाट रस्त्यावर पाय टेकून उभा राहिला, हात थरथरत होते, पुढे कुठे जायचं तेही त्याला आठवेना. साखर पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो सावरला. तेव्हापासून कुणी गप्प झालं, चिडचिड करायला लागलं किंवा सतत दोन सायकली मागे पडायला लागलं, की मी आधी खायला देतो आणि मग विचारतो.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात जास्त. पण घामातून मीठही जातं, आणि दिवसभर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. डोकेदुखी, मळमळ, फुगलेली बोटं आणि गोंधळलेलं बोलणं दिसलं, तर आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरकडे न्या. म्हणून दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचं. लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर सगळं ठीक चाललंय.

थांबा कसा घ्यायचा

दर २५ किलोमीटरला किंवा दीड तासाला एक थांबा, दहा मिनिटांचा. सायकल आधी रस्त्याच्या पूर्ण बाहेर. मग पाणी भरणं, आडोशाला जाणं, खाणं या क्रमाने. बसणं शेवटी. आधी बसलेला माणूस निघायच्या वेळी पाणी भरायला उठतो आणि बाकीचे नऊ जण हेल्मेट घालून उभे राहतात.

दहा मिनिटांची मोजणी शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू करायची. हा नियम पाळला नाही तर काय होतं ते प्रत्येक गटात दिसतं: पुढचे पंधरा मिनिटं आराम करतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी पुढचे म्हणतात, "चला, सगळे आले!" ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. संध्याकाळपर्यंत तो आणखी मागे पडतो आणि चार दिवसांत घरी जायची भाषा करतो. दोष त्याच्या पायांचा नसतो.

निघायच्या तीन मिनिटं आधी एकाने आवाज द्यावा. जेवणाचा मोठा थांबा अर्ध्याहून जास्त अंतर कापल्यावर घ्या, पाऊण तासाचा. पोट गच्च भरू नका. उरलेली भूक पुढच्या थांब्यावर भागवता येते.

चढ आणि उतार

चढावर रांग मोडा. प्रत्येकाने आपल्या दमाने, हलक्या गिअरवर चढावं आणि वर एकत्र यावं. दुसऱ्याच्या वेगाने चढणं हळू माणसाला जितकं जड, तितकंच भरभर चढणाऱ्यालाही. उतारावर अंतर वाढवा, वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. सतत ब्रेक धरून उतरू नका. दाबा, सोडा, दाबा. रिम-ब्रेक, म्हणजे चाकाची कडा दाबून धरणारे ब्रेक, असतील तर लांब उतारावर रिम इतकी तापू शकते की ट्यूब फुटते, म्हणून मध्ये थांबून गार होऊ द्या. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. पाऊस असेल तर रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळा.

पंक्चर झालं तर

पूर्ण गट थांबवायचा नाही. पंक्चर झालेला, शेवटचा आणि हवा तर एक मदतनीस एवढे थांबतील, बाकीचे ठरलेल्या पुढच्या थांब्यापर्यंत जातील. आठ जण भोवती उभे राहून सल्ले देत असतील तर दहा मिनिटांचं काम अर्धा तास घेतं.

चाक काढा, ट्यूब बाहेर घ्या, पण टायरवर ती कुठल्या बाजूने बसली होती ते वॉल्व्हच्या जागेवरून लक्षात ठेवा. ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमध्ये त्याच जागी काटा किंवा तार असते. टायरच्या आतून बोट हळूच, सगळीकडे फिरवा. कारण न शोधता नवी ट्यूब घातली तर तीही दोन किलोमीटरवर बसते. रस्त्यात ठिगळ लावत बसू नका. ट्यूब बदला, ठिगळ रात्री लावा. प्रत्येकाकडे दोन ट्यूब हव्यात. चेन जोडायची क्विक लिंक आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो भाग सायकलला जोडणारी पट्टी, हीही ज्याची त्याने बाळगावी, कारण हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि मित्राचा आपल्याला बसेल याचा भरवसा नाही.

ऊन आणि वीज

उन्हात कुणाला चक्कर, मळमळ, थकवा जाणवला तर सावली, पाणी, मीठ-साखर आणि निदान अर्धा तास विश्रांती. पण कुणी असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. आधी अंग गार करा, भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं मानू नका.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका.

शेवटचे तीस किलोमीटर

चुका इथे होतात. लक्ष उडालेलं असतं, मुक्काम जवळ आल्याने वेग वाढतो. पुढच्याने इथे मुद्दाम वेग थोडा कमी करावा आणि दिवे उजेड असतानाच लावायला सांगावं.

दुखण्यांकडेही याच वेळी लक्ष द्या. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच बदला आणि पुन्हा एक दिवस बघा. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेवरची नस दाबली जातेय. हाताची जागा दर काही मिनिटांनी बदला, कोपर सैल ठेवा.

मुक्कामी पोचल्यावर

पोचल्याबरोबर आडवे होऊ नका. आधी काहीतरी खा, मग आंघोळ, चड्डी धुऊन वाळत, आणि मग सायकल. चेन फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर थेंबभर तेल सोडा आणि वरचं जास्तीचं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटते. टायरमध्ये रुतलेल्या काचा बघा. दिवे आणि फोन चार्जिंगला लावा. एवढ्याला चाळीस मिनिटं पुरतात.

मग पुन्हा पंधरा मिनिटांची बैठक. उद्याच्या आकड्यांआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आज कुठे सगळ्यात जड गेलं? उत्तरावर चर्चा नको, सल्ले नकोत, फक्त ऐकून घ्या. एकाच माणसाचं उत्तर सलग दोन दिवस तेच आलं तर त्याचं सामान वाटून घ्या किंवा विश्रांतीचा दिवस अलीकडे आणा. आणि आज ज्याला सगळ्यात जड गेलं असेल, त्याला उद्या सकाळचा पहिला तास पुढे ठेवा.